परक्यासाठी शब्द टाकणारे धर्मगुरू : फादर थॉमस स्टीफन्स



नांदुरा आणि मलकापूर ह्यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला वडनेर भोलजी हे गाव वसलेले आहे. नागपूरकडून सुरतेकडे आणि सुरतेकडून नागपूरकडे जाणारी वाहने येथून रात्रंदिवस धावत असतात. महामार्गावरच्या अशा गावांत कोणी बदलीवर येतो, कोणी रोजगारासाठी येतो, तर कोणी नातलगांकडे चार दिवस राहून पुढे जातो. बुलढाणा जिल्हा आपल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. १९५५ साली स्थापन झालेल्या ह्या धर्मप्रांतात ख्रिस्ती कुटुंबे दूरदूर विखुरलेली आहेत. रविवारच्या मिस्सेसाठी एस. टी. धरून दुसऱ्या गावी जाणे ही कित्येकांची नित्याची गोष्ट आहे.

असे एखादे कुटुंब नवख्या चर्चच्या दारात उभे राहते, तेव्हा त्याच्या मनात काय चालले असेल ह्याचा आपण कधी विचार केला आहे काय? बायका कोणत्या बाजूला बसतात, येथे चपला बाहेर काढतात की नाही, गायनाचे पुस्तक कोठे मिळते, मूल रडू लागले तर त्याला घेऊन कोठे जावे, असे बारीकसारीक प्रश्न त्यांना पडलेले असतात. मिस्सा संपते, ओळखीची माणसे ओळखीच्या माणसांशी बोलू लागतात, आणि ते कुटुंब थोडा वेळ घुटमळून बसस्थानकाची वाट धरते. आमच्या पौरोहित्याच्या वर्षांत असे दृश्य आम्ही अनेकदा पाहिले आहे. प्रांजळपणे सांगावयाचे तर, अशा प्रसंगी आम्हीही कधीकधी कामाच्या घाईत तसेच सॅक्रिस्टीत निघून गेलो आहोत. त्याची खंत मनात आहे, म्हणूनच आज एका थोर धर्मगुरूंचे जीवन आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकांस परके नाही. ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे इंग्रज पाद्री आणि मराठी भाषेची मनमोकळी थोरवी गाणारे कवी, एवढी त्यांची ओळख आपल्याला शाळेपासून असते. परंतु परक्याला आपले मानणारे यजमान म्हणून त्यांचे चरित्र आपण क्वचितच वाचतो. आणि गंमत अशी की, ज्यांना त्यांनी गोव्यात मदतीचा हात दिला, त्यांच्यापैकी एक प्रवासी पुढे आपल्याच मुलखातून गेला.

पाहुणे म्हणून आलेले फादर

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन ह्या गावी झाला. त्यांचे वडील लंडनमध्ये व्यापार करीत. राणी एलिझाबेथच्या राज्यात तेव्हा कॅथलिक मिस्सेला बंदी होती आणि श्रद्धेसाठी तुरुंगवास पत्करावा लागत होता. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड ह्यांनी श्रद्धेपायी आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे कैदेत काढली. मित्र तुरुंगात गेला आणि स्टीफन्स देश सोडून रोमला पोहोचले. तेथे १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मात्र ते मित्राला विसरले नाहीत. तुरुंगातील पाउंड ह्यांना येशूसंघात दाखल करून घ्यावे, अशी रदबदली त्यांनी रोममधील वरिष्ठांकडे केली आणि ती मान्यही झाली. दूर असलेल्या माणसासाठी योग्य ठिकाणी शब्द टाकणे हा त्यांचा स्वभाव तेव्हापासूनच दिसतो.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा काफिला गोव्याकडे निघाला. त्यात स्टीफन्स होते. आफ्रिकेला वळसा घालून केलेला तो सहा महिन्यांहून अधिक काळाचा प्रवास अत्यंत खडतर होता. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस जणांचा वाटेतच अंत झाला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्यास लागले. पुढच्याच महिन्यात, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वारे, समुद्रपक्षी, मासे, आजार अशा सर्व गोष्टींची त्यात नोंद आहे. आणि गोव्यात आपले किती प्रेमाने स्वागत झाले हे कळविण्यास ते विसरले नाहीत. थकलेल्या, आजारातून वाचलेल्या माणसाला अनोळखी किनाऱ्यावर कोणीतरी हात दिला होता. ती आठवण त्यांच्या पुढील चाळीस वर्षांच्या जीवनात खोल रुजली असावी, असे आम्हांला वाटते.

नाताळाच्या तोंडावर झालेली सुटका

गोव्यात आल्यावर फादर स्टीफन्स ह्यांची सेवा मुख्यतः साष्टी भागात झाली. तो काळ साधा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात खोल जखम होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाव्हिवा ह्यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. फादर आक्वाव्हिवा नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी सूड उगविला. कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांना ठार मारण्यात आले. बोलावलेल्या माणसाशी झालेला हा विश्वासघात सांगताना ख्रिस्ती मनाला लाज वाटली पाहिजे, आणि ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

अशा दुःखाच्या आणि संशयाच्या दिवसांत, त्याच वर्षाच्या नोव्हेंबर अखेरीस, चार इंग्रज कैदी गोव्यात आणले गेले. जॉन न्यूबरी व राल्फ फिच हे व्यापारी, विल्यम लीड्स हे जवाहिरे आणि जेम्स स्टोरी हे चित्रकार. न्यूबरी ह्यांच्याजवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहास लिहिलेले पत्र होते. होर्मुझ बंदरात त्यांच्या व्यापाराचा मत्सर वाटून एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने त्यांच्याविरुद्ध कागाळी केली, आणि हेर म्हणून त्यांना पकडून गोव्यास धाडण्यात आले. ते प्रॉटेस्टंट राज्यातून आलेले होते, म्हणून धर्माच्या बाबतीतही त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जात होते.

आता फादर स्टीफन्स ह्यांच्या मनाचा विचार करा. ज्या राज्याने त्यांच्या मित्राला अंधारकोठडीत डांबले आणि त्यांना स्वतःला देशोधडीला लावले, त्याच राज्याच्या राणीचे पत्र घेऊन ही माणसे आली होती. सहकाऱ्यांच्या मृत्यूला जेमतेम चार महिने झाले होते. ह्या भानगडीपासून दूर राहणे त्यांना सहज शक्य होते. कोणी त्यांना दोषही दिला नसता.

परंतु ते दूर राहिले नाहीत. ब्रुजेस येथील फ्लेमिश धर्मबंधू फादर मार्को ह्यांच्यासह त्यांनी ह्या कैद्यांची बाजू अधिकाऱ्यांपुढे मांडली. आर्चबिशपांच्या सेवेत असलेले डच तरुण लिन्सखोटेन ह्यांनीही आर्चबिशपांकडे रदबदली केली. २,००० डुकाट ही त्या काळी मोठी रक्कम होती. तेवढ्या रकमेचा जामीन राहणारा माणूस मिळविण्यात आला. अखेर नाताळाला थोडेच दिवस उरले असताना हे चौघे तुरुंगाबाहेर आले. काही आठवड्यांनी न्यूबरी ह्यांनी मायदेशी पाठविलेल्या पत्रात कबूल केले की, हे दोन पाद्री मध्ये पडले नसते, तर आपण तुरुंगातच खितपत पडलो असतो.

बंधुभगिनींनो, फादर स्टीफन्स ह्यांच्या हाती सत्ता नव्हती, पैसाही नव्हता. त्यांच्याजवळ दोनच गोष्टी होत्या. त्या कैद्यांशी त्यांच्या मायबोलीत बोलण्याची क्षमता आणि गावात कमावलेली स्वतःची पत. ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी परक्यांसाठी वापरल्या. आपल्या मायबोलीत कोणी चौकशी केली म्हणजे अनोळखी गावात माणसाला केवढा धीर येतो, हे परमुलखात राहून आलेल्या आपल्या अनेक वाचकांना ठाऊक आहे.

न सांगता गेलेले पाहुणे

चित्रकार स्टोरी ह्यांना येशूसंघीयांनी आपल्या चर्चमधील चित्रकामासाठी ठेवून घेतले. त्यांच्या हातातली कला यजमानांनी ओळखली आणि तिला काम दिले. पुढे स्टोरी ह्यांनी मठ सोडून गोव्यातच संसार थाटला. इतर तिघांनी एक घर भाड्याने घेऊन दुकान मांडले. परंतु आपल्याला पुन्हा पकडतील ही भीती त्यांच्या मनातून गेली नाही. एप्रिल १५८४ मध्ये ते परवानगी न घेता गुपचूप निसटले. बेळगाव, विजापूर आणि गोवळकोंडा असा प्रवास करीत ते उत्तरेकडे निघाले.

फिच ह्यांनी पुढे लिहिलेल्या प्रवासवृत्तांतात बाळापूर आणि तेथून बऱ्हाणपूर असा टप्पा नोंदलेला आहे. अकोला जिल्ह्यातील बाळापूर आणि सातपुड्याच्या वाटेवरील बऱ्हाणपूर आपल्याला चांगलीच परिचयाची आहेत. ह्या दोन शहरांच्या मधला मुलूख म्हणजे आपले पूर्णा नदीचे खोरे. नांदुरा, वडनेर भोलजी आणि मलकापूर ही गावे ह्याच खोऱ्यात आहेत. गोव्याच्या तुरुंगातून एका पाद्रींच्या शब्दामुळे सुटलेला माणूस असा आपल्या परिसरातून पुढे गेला.

तिघेही अकबराच्या राजधानीत फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. लीड्स बादशहाच्या चाकरीत राहिले. न्यूबरी मायदेशी जाण्यास निघाले, परंतु ते घरी पोहोचले नाहीत. फिच मात्र बंगाल, पेगू आणि मलाक्का पाहून १५९१ साली लंडनला परतले. त्यांच्या माहितीचा उपयोग १६०० साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला झाला.

ज्यांच्यासाठी शब्द टाकला, ते निरोपही न घेता निघून गेले. आजच्या भाषेत आपण म्हणालो असतो की, उपकाराची जाणीव राहिली नाही, पुढच्या वेळी कोणाच्या भानगडीत पडू नये. फादर स्टीफन्स ह्यांचे पुढील आयुष्य पाहिले तर असा कडवटपणा त्यात आढळत नाही. पाहुणा राहील की जाईल, आपल्या धर्मग्रामाच्या उपयोगी पडेल की नाही, हा हिशेब खऱ्या आदरातिथ्यात नसतो.

भाषेचे अंगण

फादर स्टीफन्स ह्यांचे सर्वांत मोठे आदरातिथ्य मात्र ह्या चार इंग्रजांच्या वाट्याला आले नाही. ते साष्टीच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबांना लाभले.

नव्याने बाप्तिस्मा झालेली ती माणसे चर्चमध्ये येत, पण ती जणू पाहुण्यासारखी. प्रार्थना परक्या वळणाची, पाद्री परक्या देशाचे. त्यांची जुनी पुराणे काढून घेण्यात आली होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच कवीने एक प्रसंग सांगितला आहे. धर्मशिक्षण चालले असता एका ब्राह्मण श्रोत्याने पाद्रींना विनविले की, आमचे जुने ग्रंथ तुम्ही मना केले, तर वाचून मन रमवावे असे दुसरे काही आम्हांला द्यावे. ही विनंती नम्र होती, परंतु तिच्यात एक वेदना होती. ज्या घरातून काही काढून घेतले आहे, त्या घरात काहीतरी भरावे लागते.

कोणी दुसरा असता तर त्याने हा प्रश्न उद्धटपणाचा मानला असता. फादर स्टीफन्स ह्यांनी तो मनावर घेतला. वय झालेले असताना, कामाचा व्याप सांभाळून, त्यांनी सुमारे ११,००० ओव्यांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी वापरलेला ओवी छंद त्यांनी निवडला. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, कारण श्रोत्यांच्या कानाला तो शब्द ओळखीचा होता. भाषा मराठी ठेवली, आणि साध्या माणसांनाही समजावे म्हणून तिच्यात कोंकणी शब्द मिसळले. १६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. रविवारी आणि सणावारी चर्चमध्ये तो गाऊन वाचला जाऊ लागला. परक्या घरात अवघडून बसलेल्या माणसाला जणू कोणी त्याच्या घरचा पाट आणून दिला.

ह्यासाठी त्यांनी आधी स्वतः विद्यार्थी होणे पत्करले होते. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स ह्यांनी असाच विचार जगापुढे मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी, १७८६ मध्ये. फादर स्टीफन्स ह्यांनी लिहिलेले कोंकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली आणि कोंकणीचे पहिले छापील व्याकरण १६४० साली राचोललाच छापले गेले. दोन्ही पुस्तके छापलेली पाहण्यास ते हयात नव्हते. १६१९ साली त्यांनी गोव्यातच देह ठेवला. इंग्लंडला ते पुन्हा कधीही गेले नाहीत.

‘ख्रिस्तपुराण’ १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले, पण त्या छापील प्रती आज कोठेही हाती लागत नाहीत. ग्रंथ टिकला तो कुटुंबांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत अशा पोथ्या जपल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारे जे. एल. सालढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. १९५६ साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली. माणसे घर सोडून दूर गेली तेव्हा त्यांनी ह्या ओव्या जपल्या. आपल्याला जेथे आपलेपणाने वागविले गेले, तेथली वस्तू माणूस टाकून देत नाही.

आपल्या चर्चच्या दारात

ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी कोणी पुराण रचणार नाही. तुरुंगातून कोणाला सोडविण्याचा प्रसंगही बहुधा येणार नाही. परंतु फादर स्टीफन्स ह्यांनी जे केले त्याच्या मुळाशी असलेल्या गोष्टी अगदी लहान होत्या. त्यांनी परक्या माणसाची चौकशी केली, त्याच्या भाषेत ते बोलले, त्याच्यासाठी योग्य ठिकाणी शब्द टाकला, आणि त्याने विचारलेला प्रश्न मनावर घेतला.

येत्या रविवारी आपल्या चर्चमध्ये एखादे नवे कुटुंब दिसले तर आपण एवढे सहज करू शकतो. दारात उभे राहून जय ख्रिस्त म्हणावे आणि गाव विचारावे. आपल्या बाकावर थोडे सरकून जागा द्यावी. गीताचा क्रमांक शोधून पुस्तक त्यांच्या हाती ठेवावे. मूल रडले तर मागे वळून कपाळाला आठ्या घालू नयेत. त्या आईला बाहेरची सावलीची जागा दाखवावी, मुलाला पाणी द्यावे. मिस्सेनंतर त्यांना धर्मगुरूंकडे घेऊन जावे. परतीची एस. टी. किती वाजता आहे हे विचारावे, आणि ती उशिरा असेल तर घरी चहाला न्यावे. पुढच्या रविवारी त्यांना नावाने हाक मारावी. ह्या शेवटच्या गोष्टीचे मोल फार मोठे आहे.

आणखी एक गोष्ट. बदलीवर आलेल्या कुटुंबाला भाड्याचे घर मिळत नाही, मुलांच्या शाळेचा प्रश्न असतो, दवाखाना ठाऊक नसतो. अशा वेळी गावातल्या माणसाने घरमालकाला एवढे सांगितले की हे लोक आमच्या ओळखीचे आहेत, तरी काम होते. जामीन राहणे ह्याचे आजचे रूप हेच आहे. त्यात थोडी जोखीम असते. फादर स्टीफन्स ह्यांनीही ती पत्करली होती, आणि त्यांचे पाहुणे तर न सांगता निघून गेले होते.

बेथलेहेमात योसेफ आणि मरिया ह्या दांपत्याला धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती, हे आपण प्रत्येक नाताळात ऐकतो. ते कुटुंबही सरकारी हुकमामुळे परगावी आलेले होते. त्या रात्री बेथलेहेमातील लोक दुष्ट होते असे नव्हे. ते आपापल्या पाहुण्यांत गुंतलेले होते, एवढेच. आपल्याही हातून नेमके हेच घडते.

महामार्गावरून दररोज असंख्य माणसे जात असतात. त्यांतले एखादे कुटुंब आपल्या चर्चच्या दारात थांबेल तेव्हा त्याला आपली ओळख करून देणारा कोणीतरी भेटो. आम्ही धर्मगुरूही सॅक्रिस्टीत शिरण्यापूर्वी दाराकडे एकवार पाहू, एवढे वचन ह्या निमित्ताने आपल्याला देतो.

प्रभू आपणा सर्वांना उदार अंतःकरण देवो.